चालत्या रेल्वे इंजिनाला तेल पाजणारा एलायजा मॅकॉय आणि तुमच्या एसयूव्हीचा गिअरबॉक्स

नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही दारात आली की तिचे लाड सुरू होतात. सीट कव्हर येतात, डॅशबोर्डवर गणपती बसतो, दर रविवारी धुणं-पुसणं होतं. टायरमधली हवा तपासली जाते, सर्व्हिसिंगला इंजिन ऑइल बदललं जातं.

पण गिअरबॉक्समध्येही एक तेल असतं. ते शेवटचं कधी तपासलं होतं, असं विचारलं की बहुतेक जण गप्प बसतात.

त्यात गाडी ऑटोमॅटिक असेल तर विषयच संपला. ऑटोमॅटिक म्हणजे सगळं आपोआप, मग त्यात बघायचं काय?

ऑटोमॅटिक या शब्दाचा हा घोळ समजून घ्यायचा असेल, तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं. वाफेच्या इंजिनाला आपोआप तेल मिळावं म्हणून एका माणसानं आयुष्य खर्ची घातलं. इंजिनिअर असूनही त्याला रेल्वेत कोळसा झोकण्याचं काम मिळालं होतं, कारण त्याच्या कातडीचा रंग काळा होता.

त्याचं नाव एलायजा मॅकॉय.

गुलामीतून पळालेल्या आईबापांचा पोरगा

एलायजाचे आईवडील, जॉर्ज आणि मिल्ड्रेड, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथं माणसं विकली आणि विकत घेतली जायची. दोघांनी पळून जायचं ठरवलं.

त्या काळी गुलामांना उत्तरेकडं पळून जायला मदत करणाऱ्या लोकांची एक गुप्त साखळी होती. तिला अंडरग्राउंड रेलरोड म्हणायचे. नावात रेल्वे असली तरी रूळ नव्हते आणि डबेही नव्हते. रात्री चालायचं, दिवसा कुणाच्या तरी घरात किंवा गोठ्यात लपायचं, पुढच्या रात्री पुढचा टप्पा. या वाटेनं जॉर्ज आणि मिल्ड्रेड कॅनडात पोचले. कॅनडा तेव्हा ब्रिटिश साम्राज्यात होता आणि तिथं गुलामगिरीवर बंदी आली होती.

आजच्या ओंटारिओ प्रांतातल्या कोलचेस्टर इथं, १८४४ च्या सुमारास, एलायजाचा जन्म झाला. तो मोकळा माणूस म्हणून जन्मला. पुढं हे कुटुंब अमेरिकेत परतलं आणि मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात स्थिरावलं.

घरात बारा मुलं. पैसा बेताचा. पण एलायजाचं लक्ष यंत्रांमध्ये आहे, हे घरच्यांनी ओळखलं होतं. अमेरिकेत काळ्या मुलाला इंजिनिअरिंगची दारं जवळपास बंदच होती. मग आईवडिलांनी धाडसी निर्णय घेतला. १८५९ च्या सुमारास, पंधरा वर्षांच्या पोराला त्यांनी समुद्रापार स्कॉटलंडला पाठवलं.

एडिंबरात एलायजानं उमेदवारी केली. उस्तादाच्या हाताखाली राहून, हात काळे करून काम शिकायचं, अशी ती पद्धत. काही वर्षांनी तो मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला.

पदवी इंजिनिअरची, काम फायरमनचं

एलायजा परत आला तेव्हा अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं आणि गुलामगिरीही कायद्यानं संपली होती. पण माणसांच्या डोक्यातली गुलामगिरी कायद्यानं जात नाही.

इंजिनिअरची नोकरी शोधायला निघालेल्या एलायजाला मिशिगन सेंट्रल रेलरोडनं काम दिलं, पण फायरमनचं. इंजिनाच्या भट्टीत कोळसा झोकायचा आणि इंजिनाला तेल घालायचं.

दुसरा कुणी असता तर कटकट करत दिवस काढले असते. पण वाफेचं इंजिन आतून ठाऊक असलेला माणूस त्याच इंजिनाच्या सर्वात घाणेरड्या कामावर लागला, आणि त्यामुळं कागदावर नकाशे काढणाऱ्या साहेबांना जे दिसत नव्हतं, ते त्याला रोज दिसू लागलं.

अडचण नेमकी काय होती?

आपल्याकडं बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे. वंगण नसेल तर चाक कुरकुरतं, आस झिजतो, बैलांना जास्त जोर लावावा लागतो. धातूवर धातू घासला की उष्णता तयार होते, आणि उष्णता वाढली की धातू एकमेकांना धरून बसतात. तेलाचा पातळ थर मधे असला की हे टळतं.

रेल्वे इंजिनाची गोष्ट याहून अवघड होती. बाहेरच्या सांध्यांवर तेलाची झारी घेऊन फिरता येत होतं, पण त्यासाठी गाडी ठरावीक अंतरानं थांबवावी लागे. गाडी थांबली म्हणजे वेळ गेला, आणि रेल्वेच्या धंद्यात वेळ म्हणजे पैसा.

खरी पंचाईत होती सिलिंडरची. सिलिंडर म्हणजे ज्या नळकांड्यात वाफ शिरून दट्ट्याला ढकलते तो भाग. इंजिन जोरात चालू असताना आत वाफेचा प्रचंड दाब असतो. अशा वेळी वरून तेल ओतलं तर ते खाली जाणारच नाही, उलट वाफच ते बाहेर फेकेल. म्हणून उतारावर चालकानं वाफ बंद केली की फायरमननं चालत्या इंजिनाच्या कडेकडेनं पुढं जायचं आणि वाटीतून तेल किंवा वितळलेली चरबी आत सोडायची. पाऊस असो, बर्फ असो, हात निसटला की माणूस रुळाखाली.

थोडक्यात, तेलाची सर्वात जास्त गरज असायची इंजिन जोर लावत असताना, आणि तेल मिळायचं जोर संपल्यावर.

१८७२ चं पेटंट

एलायजानं विचार केला की जी वाफ तेलाला अडवते, तिलाच तेल सोडायच्या कामाला लावलं तर?

त्यानं सिलिंडरवर बसणारी तेलाची एक वाटी तयार केली. वाफेच्या दाबानंच तिची झडप उघडायची आणि तेल ठरावीक प्रमाणात खाली जायचं. इंजिन काम करत असताना तेल मिळणार, थांबल्यावर वाया जाणार नाही. गाडी थांबवायची गरज नाही आणि कुणी जीव धोक्यात घालून इंजिनाच्या कडेला लटकायचीही गरज नाही.

१८७२ मध्ये त्याला या यंत्राचं पेटंट मिळालं. क्रमांक १२९८४३.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सोशल मीडियावर एलायजाला जगातल्या पहिल्या स्वयंचलित वंगणयंत्राचा जनक म्हटलं जातं. ते बरोबर नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरनं १८६० मध्येच असं एक यंत्र केलं होतं, आणि अमेरिकेतही इतर लोक याच प्रश्नावर काम करत होते. एलायजाचं मोठेपण पहिला असण्यात नाही. त्यानं हा एकच प्रश्न पन्नासहून जास्त वर्षं सोडला नाही, यात ते आहे. इंजिनं बदलत गेली, दाब वाढला, तापमान वाढलं, आणि दर वेळी त्यानं नव्या इंजिनासाठी नवं उत्तर काढलं.

दुसऱ्याच्या नावानं विकलं गेलेलं डोकं

पेटंट मिळालं म्हणजे पैसा मिळाला, असं होत नाही. कारखाना काढायला भांडवल लागतं. काळ्या संशोधकाला ते द्यायला कोण तयार होणार? मग एलायजा आपल्या पेटंटमधले हक्क विकायचा आणि त्या पैशातून पुढचा प्रयोग करायचा. त्यामुळं त्याच्या कल्पनेवर बनलेली बरीच यंत्रं दुसऱ्यांच्या नावानं बाजारात गेली.

पण रेल्वेवाल्यांना त्याचं काम माहीत झालं होतं. त्याची वंगणयंत्रं इंजिनांवर बसली, जहाजांच्या वाफेच्या इंजिनांवरही गेली. ती कशी बसवायची आणि कशी वापरायची, हे शिकवायला तो स्वतः जायचा. पेटीवर लिहिलेलं नाव आणि समोर उभा राहिलेला काळा माणूस यांचा मेळ काही लोकांना लागायचा नाही, असं सांगितलं जातं.

घरातही दुःख होतं. पहिली पत्नी ॲन एलिझाबेथ लग्नानंतर चारच वर्षांत वारली. १८७३ मध्ये त्यानं मेरी एलिनोरा डिलेनी हिच्याशी लग्न केलं आणि १८८२ मध्ये दोघं डेट्रॉईटला राहायला गेले. मेरी स्वतः मोठी कार्यकर्ती होती. डेट्रॉईटमध्ये निराधार वृद्ध काळ्या स्त्रियांसाठी जे फिलिस व्हीटली होम सुरू झालं, त्याच्या संस्थापकांमध्ये ती होती. काळ्या स्त्रियांच्या मंडळांची तिनं शहरात घट्ट वीण बांधली.

एलायजाच्या नावावर एकूण ५७ पेटंटं जमा झाली. बहुतेक वंगणाचीच. अधूनमधून त्यानं घरगुती गोष्टींनाही हात घातला. कपड्यांच्या इस्त्रीसाठी घडीचं टेबल आणि बागेला पाणी मारायचा फवारा, ही त्यातली दोन.

रेल्वेच्या शहरातून मोटारींच्या शहरात

एलायजा डेट्रॉईटला गेला तेव्हा तिथं मोटार नव्हती. त्याच्या डोळ्यांदेखत ते शहर जगाची मोटारनगरी झालं.

१९०८ मध्ये तिथं फोर्डची मॉडेल टी आली. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालायचे. तेल किती आहे, हे बघायला डिपस्टिकसुद्धा नव्हती. गाडीखाली दोन छोटे नळ होते, एक वर आणि एक खाली. वरचा नळ उघडल्यावर तेल आलं तर तेल भरपूर. खालच्यातूनही आलं नाही तर धोका. म्हणजे तेल तपासायचं तर मालकाला गाडीखाली वाकावं लागायचं.

रेल्वेतही नवा पेच उभा राहिला होता. सुपरहीटर बसवलेली इंजिनं आली होती. त्यांत वाफ आणखी तापवून वापरायचे, त्यामुळं कोळसा वाचायचा आणि ताकद वाढायची. पण त्या तापमानाला साधं तेल पातळ होऊन जळून जाऊ लागलं.

एलायजा तेव्हा सत्तरीत होता. त्यानं तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून सोडणारं यंत्र केलं. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला काळा पदार्थ. तो निसरडा असतो आणि उष्णतेला दाद देत नाही. अडचण एकच, की पूड नळीत साचून वाट बंद करते. एलायजानं झडपांची रचना अशी केली की मिश्रण तुंबू नये. हे १९१५ च्या सुमाराचं काम, आणि ते त्याच्या सर्वोत्तम कामांमध्ये धरलं जातं.

१९२० मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, अखेर त्याच्या स्वतःच्या नावाची कंपनी निघाली. एलायजा मॅकॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. पहिल्या पेटंटनंतर तब्बल ४८ वर्षांनी.

पण हे सुख फार टिकलं नाही. १९२२ मध्ये एलायजा आणि मेरी एका वाहन अपघातात सापडले. मेरीला जबर मार बसला आणि १९२३ मध्ये ती गेली. एलायजा त्यातून पुन्हा उभा राहिलाच नाही. तब्येत ढासळली, पैसा संपला. शेवटी तो डेट्रॉईटजवळच्या एलॉईज इथल्या सरकारी रुग्णाश्रमात होता. १० ऑक्टोबर १९२९ रोजी, ८५ व्या वर्षी, तिथंच त्यानं शेवटचा श्वास घेतला.

अस्सल मॅकॉय?

इंग्रजीत एखादी गोष्ट अस्सल आहे, हे सांगायला द रिअल मॅकॉय म्हणतात. रेल्वेवाले नकली वंगणयंत्रं नाकारून मॅकॉयचंच यंत्र मागायचे, म्हणून हा शब्दप्रयोग आला, अशी गोष्ट जगभर फिरते.

गोष्ट छान आहे, पण पुरावा तिच्या बाजूनं नाही. स्कॉटलंडमध्ये रिअल मॅके असा प्रयोग १८५६ मध्येच छापून आलेला आहे, म्हणजे एलायजाचं पहिलं पेटंट मिळायच्या सोळा वर्षं आधी. एलायजाशी हा शब्दप्रयोग जोडणारी कथा बऱ्याच नंतर, विसाव्या शतकात पसरली.

एलायजाला त्या गोष्टीची गरजही नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं राजधानीच्या परिसराबाहेर आपली पहिली शाखा उघडली, ती डेट्रॉईटमध्ये, आणि तिला नाव दिलं एलायजा मॅकॉयचं. ज्या माणसाला आपले हक्क विकून दिवस काढावे लागले, त्याचं नाव पेटंट कार्यालयाच्या दारावर लागलं.

मग गिअरबॉक्समधलं तेल कुणी बघायचं?

एलायजा गेल्यानंतर दहाच वर्षांनी, १९३९ मध्ये, जनरल मोटर्सनं हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. यात तेलाचं काम नुसतं वंगणाचं राहिलं नाही. इंजिनाची ताकद पुढं नेणं, दाबानं गिअर बदलणं, आतला भाग थंड ठेवणं, सगळं तेलच करू लागलं. म्हणूनच याला ट्रान्समिशन फ्लुइड असं वेगळं नाव पडलं.

आजच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीत हेच चालू आहे, फक्त प्रकार वेगळे. ब्रेझाच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे, मॅग्नाइटमध्ये सीव्हीटी मिळतो, नेक्सॉनमध्ये एएमटी मिळतो. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं इतकंच, त्यामुळं त्यात गिअर ऑइल असतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात. पट्टा घसरू नये आणि झिजूही नये, असं खास तेल त्याला लागतं. एकाचं तेल दुसऱ्याला चालत नाही. स्वस्त मिळालं म्हणून भलतंच तेल भरलं, तर अख्खा गिअरबॉक्स बदलायची वेळ येऊ शकते. कोणतं तेल हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेच भरायचं.

तपासायचं कसं? गिअरबॉक्सला डिपस्टिक असेल, तर बहुतेक गाड्यांत पद्धत अशी: गाडी सपाट जागेवर उभी करायची, थोडी चालवून गरम झालेली असावी, हँडब्रेक ओढायचा, ब्रेकवर पाय ठेवून गिअर एकदा सगळ्या खुणांवरून फिरवून पार्कमध्ये आणायचा, आणि इंजिन चालू ठेवूनच पातळी बघायची. काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, म्हणून आधी मॅन्युअल वाचायचं. डिपस्टिक पुसायला सूत न सुटणारं स्वच्छ फडकं घ्यायचं, कारण एखादा धागाही आतल्या बारीक वाटा अडवू शकतो. तेल कमी असणं जसं वाईट, तसं जास्त भरणंही वाईट. जास्त तेलाला फेस येतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

आता बऱ्याच गाड्यांना ही डिपस्टिकच नसते. त्याऐवजी खाली एक प्लग असतो आणि तेल ठरावीक तापमानाला असताना तो उघडून पातळी बघतात. मॉडेल टीच्या नळांचाच हा नातू म्हणा. पण हे काम लिफ्ट आणि स्कॅनर असलेल्या गॅरेजचं आहे, घरी करायचं नाही.

घरी करता येतं ते बघण्याचं काम. सकाळी गाडी काढल्यावर पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग आहे का? गिअर उशिरा पडतो का, झटका बसतो का, इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी उचलत नाही असं होतं का? तेलाला जळका वास येत असेल तर आत काहीतरी जास्त तापलंय. तेल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी किंवा कुलंट शिरलंय. पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यात अडकली असेल, तर इंजिनासोबत गिअरबॉक्सचं तेलही तपासून घ्यायला मेकॅनिकला सांगायचं. वर हवा जायला जी बारीक वाट ठेवलेली असते, तिच्यातून पाणी आत जाऊ शकतं.

आणि तेल बदलायचं कधी? मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचं. रोजचा ट्रॅफिक, घाटरस्ते, उन्हाळा, ओव्हरलोड गाडी, हे सगळं कठीण वापरात मोडतं आणि त्यासाठी बऱ्याचदा कमी अंतर लिहिलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज अडकणाऱ्यानं तो कॉलम आधी वाचावा.

एलायजाच्या यंत्रानं फायरमनला इंजिनाच्या कडेला लटकण्यापासून वाचवलं. पण त्या यंत्राची वाटीसुद्धा प्रवासाला निघण्याआधी कुणालातरी भरावीच लागायची, आणि ती रिकामी राहिली तर पेटंट क्रमांक १२९८४३ सुद्धा इंजिनाला वाचवू शकत नव्हतं. तेल पोचवायचं काम यंत्राकडं गेलं. तेल आहे का, हे बघायचं काम माणसाकडंच राहिलं. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी टाकाल, तेव्हा जॉब कार्डवर ट्रान्समिशन फ्लुइड तपासा एवढी एक ओळ लिहून घ्या.